वाचक विचारतात : अनोळखी मुलखात पहिली पावलं

गेल्या अंकातल्या गोदाकाठच्या अश्मयुगावरील लेखानंतर बरीच पत्रं आली. बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे होता: ज्या मुलखाची काहीच माहिती नाही तिथं माणसं टिकली कशी? त्यांतल्या आठ पत्रांची उत्तरं इथं देत आहोत.

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक) : गंगापूरजवळ अश्मयुगीन माणूस राहत होता असं वाचतो. अशी टोळी नव्या प्रदेशात आली की आधी काय शोधायची? पाणी, शिकार की दगड?

आधी ‘राहत होता’ या शब्दांबद्दल. गंगापूरजवळ गंगावाडीला पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकळिया यांनी ज्या हातकुऱ्हाडी नोंदवल्या, त्या गोदावरीच्या जुन्या दगडगोट्यांच्या थरातल्या आहेत. असा थर पुरात साचतो. त्यातलं हत्यार वरच्या अंगाने वाहत आलेलं असू शकतं, म्हणून सापडलं तिथंच मुक्काम होता असं धरता येत नाही. कडा किती झिजल्या आहेत ते पाहून हत्याराने किती प्रवास केला याचा अंदाज बांधतात.

आता मूळ प्रश्न. अमेरिकी पुरातत्त्वज्ञ मार्सी रॉकमन यांनी नव्या भूमीबद्दलच्या ज्ञानाचे तीन प्रकार पाडले आहेत. पहिलं, कोणती गोष्ट कुठं आहे. दुसरं, ती गोष्ट कुठवर भरवशाची आहे आणि कधी दगा देते. तिसरं, हे सगळं समाजाच्या नावांत, नियमांत, गोष्टींत मुरणं. पहिलं काही दिवसांत किंवा एखाद्या ऋतुचक्रात हाती येतं. दुसऱ्याला एक आयुष्यही पुरत नाही, कारण मोठा दुष्काळ किंवा मोठा पूर ज्याने पाहिला तोच त्याची मर्यादा सांगू शकतो. तिसऱ्याचं उदाहरण नाशिककरांना सांगायला नको. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला, यावरून पूर मोजायचा आणि नारोशंकराच्या घंटेपर्यंत पोचलं तर तो महापूर समजायचा, ही मोजपट्टी कुठल्याही नवख्याला पहिल्या पावसाळ्यात सुचणार नाही.

दगड शोधणं त्या मानाने सोपं, पण त्याला पद्धत लागते. दख्खनचा बेसॉल्ट सगळीकडे आहे आणि त्यातला बराचसा हत्याराला निकामी आहे. छिद्रांचा, जाळीदार खडक घाव घातला की वाटेल तसा फुटतो. चांगला दगड म्हणजे बारीक कणांचा आणि घट्ट. तो बऱ्याचदा डाइकमध्ये मिळतो. डाइक म्हणजे लाव्हाच्या आडव्या थरांना चिरत गेलेली खडकाची उभी भिंत. अशा भिंती शोधत डोंगरभर फिरायची गरज नसते. नदीचं पात्र हा सगळ्या पाणलोटाचा नमुनासंग्रहच असतो. पात्रातले गोटे चाळायचे, हवा तसा दगड दिसला की वरच्या दिशेला चालत जायचं. तुकडे मोठे आणि कोनदार होत गेले तर उगम जवळ येतोय. एखादी उपनदी ओलांडल्यावर ते एकदम दिसेनासे झाले, तर आपण चुकीच्या फाट्याने वर आलो. मागे फिरून त्या उपनदीत शिरायचं. दगड निवडताना दुसऱ्या गोट्याने ठोकून पाहायचा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द आवाज आला तर आत तडा आहे.

पाण्यातही हाच तर्क चालतो, आणि फसगतही इथंच होते. पावसाचं पाणी भेगाळलेल्या बेसॉल्टमधून खाली उतरतं आणि दोन लाव्हाथरांमधल्या तांबड्या मातीच्या पट्ट्यावर किंवा सलग, भेगा नसलेल्या खडकावर अडतं. तिथून ते डोंगराच्या अंगाला झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. एक झरा सापडला की त्याच उंचीवर आडवं चालत जावं. आणखी सापडण्याची शक्यता चांगली असते. उंबराची ओळ हीही जुनी खूण. जमिनीखालचं पाणी ओळखण्याच्या वराहमिहिराने दिलेल्या खुणांत झाडं आणि वारुळं दोन्ही आहेत. पण अश्विनात वाहणारा झरा फारसं काही सांगत नाही. खरी परीक्षा वैशाखात. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, नाशिक शहरात साधारण सातशे आणि सिन्नर-येवल्याकडे पाचशेच्या घरात. तरी पावसाळा सरता सरता तिन्हीकडे हिरवंच दिसतं. त्या दिवसांत आलेल्या टोळीला हा फरक कळायला पुढचा उन्हाळा उजाडावा लागतो, आणि तोवर मुक्काम ठरून गेलेला असतो.

प्रश्न (सिन्नर) : आमच्याकडे गारगोट्या भरपूर. यापासून पाती कशी काढत? तापवून दगड सुधारतो असं ऐकलं, पण चुलीत टाकलेली गारगोटी फुटते. का?

चुलीत ती फुटणारच. गारगोटीच्या सूक्ष्म छिद्रांत पाणी असतं. ते एकदम तापलं की वाफ होऊन दगडाला आतून तडकवतं, आणि पृष्ठभागावरून बशीसारखे गोल टवके उडतात. शिवाय बाहेरचा भाग आतल्यापेक्षा लवकर फुगतो, तो ताण वेगळा.

तापवण्याची रीत अशी. गारगोट्या आधी बरेच दिवस उन्हात वाळवायच्या. मग राखेत किंवा वाळूत पुरायच्या, वर निदान चार-पाच सेंटिमीटरचा थर ठेवायचा. त्यावर गोवऱ्यांचा मंद विस्तव काही तास धुमसत ठेवायचा. साधारण अडीचशे ते साडेतीनशे अंश सेल्सियस पुरे होतं. ज्वाळेची गरजच नाही. सगळ्यात जास्त चूक होते ती थंड करताना. विस्तव विझल्यावर उत्सुकतेने उकरलं की गार हवा लागून दगड तडकतो. तो दुसऱ्या दिवसापर्यंत राखेतच राहू द्यायचा. गुजरातेत खंबातचे अकीक कारागीर आजही वाळवणं आणि राखेत तापवणं या दोन्ही पायऱ्या पाळतात. नीट तापलेला दगड फोडला की आतली बाजू तेलकट चमकते, लोह असेल तर रंग तांबूस होतो, आणि छिलका जास्त लांब निघतो.

आता पाती. मुठीएवढी गारगोटी घ्यावी. आकाराच्या मानाने हलकी लागली तर आत स्फटिकांची पोकळी असणार. संग्रहालयात ती देखणी दिसते, इथं निरुपयोगी. दगडाच्या एका अंगाला दोन्ही बाजूंनी आलटून पालटून छोटे घाव घालून नागमोडी कणा तयार करायचा. टोकाशी सपाट बैठक काढायची. बैठक आणि कणा यांतला कोन नव्वद अंशांहून कमी हवा, जास्त झाला की घाव आत शिरत नाही आणि कड नुसती चेचली जाते. मग कण्याच्या टोकावर दाब किंवा अप्रत्यक्ष घाव द्यायचा. पहिलं पातं कण्यासकट निघतं आणि मागे दोन सरळ धारा सोडून जातं. पुढची पाती त्या धारांच्या आधाराने एकामागून एक सुटतात, करंगळीच्या नखाएवढ्या रुंदीची. जोर्वे संस्कृतीच्या, म्हणजे तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या, वसाहतींत अशी पाती आणि ती काढून उरलेले गाभे भरपूर मिळतात. तांबं दुर्मीळ होतं, त्यामुळे रोजचं कापणं-सोलणं याच पात्यांवर चालायचं. लाकडाला किंवा हाडाला खाच पाडून ती ओळीने बसवायची आणि डिंक-मेणाच्या लुकणाने पक्की करायची. एक तुटलं तर तेवढंच बदलायचं.

मोठ्या हातकुऱ्हाडीकडून छोट्या पात्याकडे जाणं ही निव्वळ बुद्धीची चढती कमान समजली जाते. आम्हाला ते अपुरं वाटतं. दख्खनच्या गारगोट्याच मुळात लहान असतात. कारागिराने दगडाच्या मापाचं हत्यार शोधून काढलं.

करून पाहणार असाल तर चष्मा लावा आणि उघड्यावर बसा. गारगोटीची धूळ फुफ्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो. खंबातच्या कारागिरांना हा आजार मोठ्या प्रमाणावर जडलेला आहे.

प्रश्न (नाशिकरोड) : आपल्या भागात पूर्वी शहामृग होते हे खरं का?

खरं. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथं सु. अ. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याची कवचं मिळाली, काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा. एका तुकड्यावर रेघांची नक्षी आहे, आणि कवचाचे मणीही आहेत. तुकड्याला आधी भोक पाडतात, मग कडा घासून गोल करतात. उलट क्रमाने केलं तर भोक पाडताना तयार मणी फुटतो. शहामृगाला मोकळी, कोरडी गवताळ जमीन लागते. आजचा खानदेश पाहून त्या काळच्या माणसाच्या अडचणी ठरवू नयेत, एवढं यातून घ्यावं.

प्रश्न (सुरगाणा) : कोणती रानभाजी खावी, कोणती नाही हे पहिल्या माणसांना कसं कळलं असेल? जनावरं पाहून?

जनावरं पाहून थोडंफार कळतं, पण त्यावर विसंबणं जिवावर बेतू शकतं. पक्ष्यांना आणि गुरांना पचणाऱ्या कितीतरी गोष्टी माणसाला चालत नाहीत. शिवाय खाण्याजोगं काय हा प्रश्नच अर्धा आहे. उरलेला अर्धा म्हणजे कोणता भाग, कधी आणि कोणत्या प्रक्रियेनंतर.

आपल्याकडचा बिब्बा घ्या. देठाकडचा नारिंगी, गरदार भाग वाळवून खातात. त्याला चिकटलेल्या काळ्या बीच्या सालीतलं तेल अंगाला लागलं तर फोड येतात. त्याच सालीच्या आत गोडंबी, जी आपण थंडीत लाडवात घालतो. एका फळात अन्न, विष आणि पुन्हा अन्न. नुसतं चाखून हा क्रम लागत नाही.

तुमच्याकडच्या शेवळांचंही तसंच. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशात टोचतात म्हणून खाज सुटते. म्हणून शेवळं काकडाच्या आंबट फळांबरोबर किंवा चिंचेबरोबर भरपूर शिजवतात. पहिल्या पावसात शेवळं आणि काकडं बाजारात एकाच टोपलीत येतात, तेव्हा ती टोपली म्हणजे पाककृतीच असते. कडू कंदांचं काम याहून लांबतं: पातळ काप, राखेच्या पाण्यात उकळणं, टोपलीत घालून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवणं, पुन्हा उकळणं. कडू द्रव्य पाण्याबरोबर निघून जातं. काप जाड राहिले तर ते मधल्या गरात अडकतं, आणि साचलेल्या पाण्यात ठेवले तर निघालेलं विष तिथंच राहतं. पायऱ्या चुकल्या तर उलट्या होतात, त्यामुळे जाणत्या माणसाशिवाय याचा प्रयोग करू नये.

पदार्थ उचलला आणि प्रक्रिया मागे राहिली तर काय होतं, याची दोन उदाहरणं इतिहासात लख्ख नोंदलेली आहेत. १८६१ साली बर्क आणि विल्स हे शोधप्रवासी ऑस्ट्रेलियात कूपर्स क्रीकच्या काठी अडकले. तिथले यांद्रुवांधा लोक नार्डू नावाच्या नेच्याच्या बीजाणुकोशांचं पीठ खात, ते यांनीही खायला सुरुवात केली. पोट भरत होतं, पण अंगातलं त्राण जात होतं. नार्डूमध्ये ब१ जीवनसत्त्व नष्ट करणारं विकर असतं. स्थानिक लोक भाजणं, दळणं, पाण्यात कालवणं अशा पद्धतीने त्याचा उपद्रव कमी करत. दोघेही मेले. तिसरा सोबती किंग यांद्रुवांधांच्या आश्रयाला गेला आणि त्यांच्या हातचं खाऊन वाचला.

दुसरं उदाहरण मक्याचं. मध्य अमेरिकेत मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून, रात्रभर ठेवून, धुऊन मग वाटतात. त्यामुळे त्यातलं नियासिन शरीराला मिळतं. युरोपने बी नेलं, चुना नेला नाही. १७३५ साली स्पेनमध्ये गास्पार कासाल या डॉक्टरने मक्यावर जगणाऱ्या गरिबांतला एक त्वचारोग नोंदवला, तोच पेलाग्रा. पुढे उत्तर इटलीतही तो फोफावला. चुन्याची पायरी चवीसाठी किंवा साल काढण्यासाठी असेल, असा समज झाला असावा. प्रक्रिया सांगणारा माणूस सोबत नसला की तिच्यातली कोणती पायरी जीव वाचवणारी आहे हे बघणाऱ्याला ओळखता येत नाही.

प्रश्न (येवला) : जोर्वे संस्कृतीचे शेतकरी नदीकाठीच का वसले? आणि गावं सोडून का गेले?

जोर्वे हे संगमनेर तालुक्यातलं प्रवरेकाठचं गाव. १९५०-५१ मध्ये तिथं आणि नाशिकच्या मातीच्या गढीवर उत्खनन झालं. गढीच्या तळाशीही ताम्रपाषाणयुगीन वस्ती निघाली. पण शेतकऱ्याचं शिकणं सगळ्यात स्पष्ट दिसतं ते शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी, इनामगावला. डेक्कन कॉलेजने तिथं १९६८ पासून बारा-चौदा वर्षं खोदकाम केलं आणि शंभराहून जास्त घरं उघडी केली. वस्तीचा काळ साधारण इसवी सनापूर्वी १६०० ते ७००.

काळी माती ओल धरते. पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर हिवाळी पीक निघतं, आणि इनामगावचं मुख्य पीक जवस नव्हे तर जव होतं, म्हणजे बार्ली. हीच माती घराला वाईट: भिजली की फुगते, वाळली की हातभर भेगा पडतात, त्यात भिंत उलते. म्हणून कुडाच्या भिंती, लाकडी खांब आणि चोपून केलेली जमीन. उल्लं तरी लिंपता येतं. गाव दरडीच्या उंच भागावर आणि शेत खाली. आपल्याकडे शेताला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणतात त्यामागे हेच आहे. शतकानुशतकांची राख, शेण, पडलेल्या भिंती यांनी वस्तीची माती पांढुरकी होते. पांढरीचं टेकाड दिसलं की पुरातत्त्वज्ञ थांबतो. दुर्दैवाने धाब्याला आणि शेताला ती माती चांगली म्हणून ट्रॅक्टरही तिथंच थांबतो.

पावसावर पूर्ण विसंबू नये हे इनामगावकर शिकले होते. पुराचं पाणी वळवण्यासाठी त्यांनी दगडमातीचा बांध आणि पाट केला होता. धान्यासाठी जमिनीत चुन्याने लिंपलेले बळद आणि रांजणांसाठी ओटे होते. तरी इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास चित्र पालटतं. मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात, शेती आक्रसते, शिकारीच्या जनावरांची हाडं वाढतात. पुरातत्त्वज्ञ मधुकर ढवळीकर यांनी याचा संबंध कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी जोडला. गोल झोपडी ही अधोगती मानायची का? आम्ही म्हणू, शेती हातची जात असताना हलकं घर आणि जास्त भटकंती हाच हिशेबी निर्णय होता. या लोकांनी असाच निर्णय पिढ्यान्‌पिढ्या घेऊन आणखी तीनेकशे वर्षं तग धरला.

प्रश्न (सटाणा) : मोसम-आरमच्या खोऱ्यातली फड पद्धत याच प्रकारचं ज्ञान म्हणायची का?

हो, रॉकमन यांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारचं. ती अश्मयुगीन वगैरे नाही, तीन-चारशे वर्षांची आहे. नदीवर बंधारा, तिथून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि दरवर्षी पिकं फिरवायची. बहुतेकांच्या जमिनी एकाहून अधिक फडांत असतात. नदीला पाणी कमी आलं की एखादा फड कोरडा ठेवतात. झळ सगळ्यांना लागते, कोणी एकटा बुडत नाही. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. वाईट वर्ष येणार हे गृहीत धरून आखलेली व्यवस्था आहे ही. जिथं वर धरण झालं आणि काठाला विहिरी-मोटारी आल्या, तिथं बंधारा कोरडा पडला आणि सगळ्यांनी मिळून पाळायच्या नियमाला अर्थ उरला नाही.

प्रश्न (पंचवटी) : सुरुवातीलाच चुकलेल्या वसाहतींची उदाहरणं द्याल का?

पूर्ण परका मुलूख माणसाला सावध करतो. ओळखीचा वाटणारा जास्त घात करतो.

नॉर्वेहून लोक इसवी सन ८७० नंतर आइसलँडला गेले. तशीच हिरवळ, तसेच बर्च, तसेच फ्योर्ड. आइसलँडच्या जुन्या वसाहतवृत्तांतात फ्लोकी नावाच्या दर्यावर्दीची हकीकत आहे: उन्हाळाभर मासेमारीत रमला, चारा कापायचा राहिला, हिवाळ्यात गुरं मेली. ही चूक एका वर्षात कळणारी होती. खरी चूक पायाखाली होती. तिथली माती ज्वालामुखीच्या राखेची, हलकी. बर्च तोडून मेंढ्या सोडल्या, गवताचं आवरण फाटलं आणि माती वाऱ्याने उडून जाऊ लागली. नॉर्वेच्या जड मातीवर तेवढ्या चराईने काही बिघडत नव्हतं. मेंढ्यांची संख्या अंगवळणी पडलेली होती, आणि नुकसान दिसायला पिढ्या गेल्या.

न्यूझीलंडचं उदाहरण उलट्या अंगाचं. पॉलिनेशियन लोक तेराव्या शतकाच्या सुमारास तिथं पोचले. नारळ, केळी, फणसाच्या जातीचं ब्रेडफ्रूट यांतलं काही त्या थंडीत धरलं नाही. रताळं कसंबसं तगलं, पण उष्ण बेटांवर ते बारमाही जमिनीत राहायचं, इथं दहिवर पडलं की वेल करपायचा. मग त्यांनी दोन गोष्टी बदलल्या. वाफ्यात वाळू आणि बारीक खडी मिसळली, माती लवकर तापावी आणि पाणी निथळावं म्हणून. आणि काढणी थंडीआधी उरकून रताळी छप्पर असलेल्या खड्ड्यांत ठेवली. तळाला पाणी निघायला चर हवाच, नाहीतर ओलीने सगळा साठा सडतो. लासलगाव-निफाडच्या वाचकांना यात गंमत वाटेल: कांदाचाळीला आपण वारा खेळता ठेवतो, रताळ्याला उलट बंद, दमट ऊब लागते, साधारण १३ ते १६ अंश. दहाच्या खाली गेलं की आतून खराब होतं, आणि ते बाहेरून दिसत नाही. पुढच्या वर्षीचं बेणंही त्याच खड्ड्यात असल्याने साठा सडला की दोन वर्षं जायची.

याच हुशार लोकांनी मोआ हे न उडणारे प्रचंड पक्षी, नऊ जातींचे, दीड-दोनशे वर्षांत संपवले. मोआ कुठं आहेत हे लगेच कळलं होतं. त्यांची वीण किती सावकाश होते हे कळेपर्यंत उशीर झाला होता.

प्रश्न (निफाड) : शेतात धार असलेला दगड सापडला. हत्यार आहे हे कसं ओळखायचं?

पाच मिनिटांत प्राथमिक निवाडा होतो. घावाने निघालेल्या छिलक्याच्या आतल्या बाजूला, घाव बसला तिथं लहानसा फुगवटा असतो आणि त्याभोवती पाण्यातल्या तरंगांसारख्या पुसट वळ्या. वरच्या बाजूला आधीच्या छिलक्यांचे एकाच दिशेने गेलेले दोन-तीन व्रण असले तर शक्यता बरीच वाढते. नांगराच्या फाळाने उडालेला टवका एकटा आणि ताजा असतो, बाकी दगड जुनाट आणि तेवढीच जागा काळी कुळकुळीत. उन्हापावसाने झिजणारा बेसॉल्ट कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटतो, त्याला फुगवटा नसतो. गोल, बशीसारखे खळगे दिसले तर ते आगीचे. आणि रस्त्याच्या खडीतले तुकडे धारदार असले तरी त्यांवर जुनेपणाचा थर नसतो.

आसपास आणखी असे दगड आहेत का ते पाहा. एकट्या दगडापेक्षा दहा-बारा छिलके आणि एखादा गाभा एकत्र मिळणं फार मोलाचं. उकरू नका, गोळा करून घरी नेऊ नका. जागेवरच शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, मोबाइलवरून अक्षांश-रेखांश आणि गट नंबर टिपा, दगड वर पडलेला होता की विहिरीच्या किंवा ओढ्याच्या काठात रुतलेला होता ते लिहा. काठात असेल तर वरपासून किती फुटांवर आणि कोणत्या मातीत, हेही. ही नोंद राज्य पुरातत्त्व विभागाच्या नाशिकच्या कार्यालयात किंवा पुण्याला डेक्कन कॉलेजकडे पाठवता येते.